खडखडणारी स्कूटर घेऊ नका: शहरात स्ट्रीट रायडिंगसाठी स्टंट स्कूटर निवडताना

आधी एक घोळ मिटवून टाकू. पुण्यात ‘स्टंट स्कूटर’ म्हटलं की समोरच्याला ॲक्टिव्हाचं पुढचं चाक हवेत उचललेला एखादा पोरगा आठवतो आणि मागून त्याला धरायला निघालेले मामा. ऑनलाइन शोधलं तरी निम्मे व्हिडिओ त्याचेच. आपण बोलतोय ती ही नव्हे. हिला इंजिन नाही, बॅटरी नाही, सीट नाही, एक पाय फळीवर आणि दुसऱ्याने रस्ता मागे ढकलायचा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये बारकी पोरं फिरवतात ना त्याच जातीची, फक्त उड्या मारायला, पायऱ्यांवरून खाली यायला आणि कठड्यावरून घासत जायला बनवलेली. माझी आजी अजूनही हिला ‘तुझी ती बिनपेट्रोलची चेतक’ म्हणते, बरोबरच आहे तिचं.

तर हल्ली शेजारपाजारच्या पोरांचे आईबाबा विचारतात, कॉलेजातली पोरं विचारतात, कुठली घेऊ. आणि प्रत्येकजण रंगाचा फोटो दाखवतो. तेलावर इंद्रधनुष्य दिसतं तसला रंग असतो एक, त्यावर सगळे भाळतात, मीपण भाळलो होतो. पण रस्त्यावर दोनच गोष्टींनी फरक पडतो, तुमच्या भागातली जमीन कशी आहे आणि स्कूटर आपटल्यावर आवाज काय करते. हे दोन लक्षात ठेवून दुकानात गेलात तर फार चुकणार नाही.

पहिला नियम लगेच सांगून टाकतो कारण यावर चर्चा नाही. घडी होणारी स्कूटर उड्या मारायला घ्यायची नाही. नाही म्हणजे नाही. नव्वदच्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये विम आउबोटर नावाच्या माणसाला घरापासून सॉसेजच्या टपरीपर्यंत जायचं होतं, चालायला लांब आणि गाडी काढायला जवळ, म्हणून त्याने छोट्या चाकांची घडीची स्कूटर केली, आणि २००० च्या सुमारास रेझर वगैरे नावांनी ती जगभर पोचली. म्हणजे तिचा जन्मच खायला जाण्यासाठी झालाय, सहा पायऱ्या उडण्यासाठी नाही. घडीच्या बिजागरीवर उडीचा सगळा मार बसतो. माझी पहिली स्कूटर घडीचीच होती, दुकानदार म्हणाला ‘सगळं होतं यावर’, आणि खरंच सगळं झालं, तिसऱ्या आठवड्यात फुटपाथवरून उतरताना हँडल पुढे गेलं, मी पण त्याच्यासोबत, हनुवटीला तीन टाके. दुकानदार नंतर म्हणाला ‘तुम्ही जोरात चालवली असणार’. हो बाबा, हळू उडी मारता येत नाही.

तसंच हँडलची उंची कमीजास्त करायची क्लिप असेल, खटका असेल, सस्पेन्शन असेल, ती पण सोडून द्या. स्टंट स्कूटरमध्ये हलणारे भाग मोजकेच असतात, पुढचं चाक, मागचं चाक, हेडसेट म्हणजे हँडल ज्यात फिरतं तो बेअरिंगचा सांधा, आणि असलाच तर ब्रेक. त्याहून जास्त काही हलत असेल तर ते उद्या खडखडणार.

आता जमीन. हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. घ्यायच्या आधी एक संध्याकाळ चालत फिरा, जिथे चालवणार तिथे. परदेशातले व्हिडिओ बघून आपण ठरवतो पण त्यांच्याकडे गुळगुळीत काँक्रीटचे चौक असतात आणि आपल्याकडे पेव्हर ब्लॉक. पेव्हर ब्लॉक हा आपल्या शहरांचा राष्ट्रीय पोत आहे असं मला वाटतं. त्याच्या फटी, एखादा वर आलेला, एखादा गायब, मध्येच चेंबरचं झाकण दोन इंच खाली, पुढे रम्बलरच्या पट्ट्या. छोटं चाक तिथे अडकतं आणि आपण पुढे जातो. पण चांगलीही जमीन आहे हं, ट्रायमिक्सचा काँक्रीट रस्ता असलेली आतली गल्ली, सोसायटीच्या पार्किंगमधला आयपीएसचा कोबा, जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद केलेत तो भाग पहाटे रिकामा असताना. मुंबईकरांना मरीन ड्राइव्हचा कठडा आणि बांद्र्याला कार्टर रोड आहेच. तुमचे तास जास्त कुठे जाणार ते बघा, कारण त्यावरून चाकं ठरतात, चाकांवरून फोर्क (पुढचं चाक धरणारा दुभागलेला दांडा) आणि डेक (उभं राहायची फळी), आणि तिथून बाकी सगळं.

चाकांवर जरा थांबतो, कारण लोक इथेच सगळ्यात कमी लक्ष देतात. स्टंट स्कूटरची चाकं साधारण १०० मिलिमीटरपासून १२५ पर्यंत मिळतात. १०० ची चाकं सहसा बारक्या पोरांच्या किंवा स्वस्तातल्या स्कूटरला असतात, पार्किंगमध्ये ठीक, पेव्हर ब्लॉकवर दात वाजतात. आपल्या रस्त्यांना ११० हे कमीतकमी समजा. १२० घेतली तर फटींवरून छान जाते, एकदा ढकललं की लांबपर्यंत पळते, पण वजन थोडं वाढतं आणि स्कूटर फिरवायला किंचित जड लागते. मी ११० वर शिकलो आणि आता १२० वर आहे, परत जाणार नाही. रुंदी दोन प्रकारची जास्त दिसते, २४ मिलिमीटर आणि ३०. ३० वाली रुंद चाकं उडीवरून उतरताना जास्त स्थिर, कठड्याच्या फटीत पण कमी अडकतात. मात्र ३० चं चाक २४ साठी बनवलेल्या फोर्कमध्ये जात नाही, त्यामुळे ‘नंतर बदलू’ म्हणून चाकं बाजूला ठेवू नका, डेक आणि फोर्क कुठल्या मापाचं चाक घेतात ते आत्ताच विचारा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे चाकाचा मधला भाग, कोर. प्लास्टिकचा कोर असेल तर नको. दिसायला सारखाच दिसतो, वर चंदेरी रंग मारलेला असतो, नखाने टिचकी मारा, प्लास्टिक बद्द वाजतं. सहा इंचांच्या फुटपाथवरून रोज उडी मारली तर प्लास्टिकच्या कोरला आधी केसासारखी चीर जाते आणि मग एक दिवस बेअरिंगच बाहेर येतं. ॲल्युमिनियमचा कोर घ्या. त्यातही आरपार कमानीसारखा पोकळ दिसतो तो आणि भरीव असतो तो, असे प्रकार आहेत, सुरुवातीला यातला कुठलाही चालेल, भांडत बसू नका. बाहेरचं रबरासारखं जे असतं ते पॉलियुरेथेन, त्याचा कडकपणा ८५ए, ८८ए असा लिहिलेला असतो, आकडा मोठा तेवढं कडक. कडक चाक गुळगुळीत जमिनीवर वेगात पळतं पण कोटा फरशीवर किंवा पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर जरा ओल असली की साबणासारखं सरकतं. ८६ च्या आसपास आपल्याकडे बरं पडतं. आणि ‘डीहब’ हा शब्द ऐकला असेल तर त्याचा अर्थ पॉलियुरेथेन कोरपासून सुटून येणं, आडवी घसरली की स्वस्त चाकांचं हे हमखास होतं.

बेअरिंगबद्दल दुकानात एबेक ७, एबेक ९, एबेक ११ असे आकडे ऐकवतात, जणू मोठा आकडा म्हणजे चाक मुंबईपर्यंत फिरत राहील. एबेक म्हणजे बेअरिंग किती अचूक मापात बनवलंय त्याची श्रेणी, उडीचा मार किती सोसेल याच्याशी तिचा संबंध नाही. त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. स्टंट स्कूटरला सहसा ६०८ मापाचं बेअरिंग असतं, इनलाइन स्केटला असतं तेच, आत ८ मिलिमीटर, बाहेर २२, जाडी ७. म्हणजे खराब झालं तर परदेशातून मागवायची गरज नाही, पुण्यात बोहरी आळीत किंवा तुमच्या गावातल्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात ‘६०८ टू-आरएस’ म्हणा, टू-आरएस म्हणजे दोन्ही बाजूंनी रबराचं सील, आपल्या धुळीला आणि पावसाला तेच बरं. पत्र्याचं झाकण असलेलं झेडझेड म्हणून मिळतं ते जूनमध्ये एकदा भिजलं की जुलैत किरकिरायला लागतं.

डेक म्हणजे ज्यावर उभं राहतो ती फळी. इथे पार्कची आणि स्ट्रीटची वाट वेगळी होते. पार्क म्हणजे रॅम्पवाले, त्यांना हवेत स्कूटर गरागरा फिरवायची असते, त्यामुळे अरुंद हलका डेक, पुढेमागे निमुळता. स्ट्रीटवाल्यांचा डेक रुंद आणि कोपरे चौकोनी, त्याला बॉक्स्ड एंड म्हणतात, कारण त्या चौकोनी टोकावर कठड्याला स्कूटर टेकवून क्षणभर थांबता येतं आणि घासताना बूड सपाट लागतं. रुंदी साडेपाच इंच किंवा त्याच्या वर बघा, लांबी २१-२२ इंचांच्या आसपास, तुमचा बूट दहा-अकरा नंबरचा असेल तर अजून थोडी. साधी परीक्षा, दुकानात डेकवर दोन्ही पाय मागेपुढे ठेवून उभे राहा, पुढच्या पायाचा चवडा बाहेर लोंबतोय का, मागचा पाय ब्रेकवर चढतोय का. लोंबत असेल तर उतरताना घोटा मुरगळणार. रुंद डेकला टेलव्हिप, म्हणजे हँडल धरून खालची फळी गोल फिरवायची ती ट्रिक, शिकायला थोडा वेळ जास्त लागतो हे खरं, आणि फिरणारी फळी नडगीवर बसते तेव्हा ती जास्त जोरात बसते हेही खरं. नडगीचं काय सांगू, माझ्या दोन्ही नडग्या नकाशासारख्या दिसतात.

डेक उलटा करून बघा, हेडट्यूब, म्हणजे फोर्क ज्यातून वर जातो ती पुढची नळी, जिथे फळीला जोडलीय तिथलं वेल्डिंग. तुटतो तो डेक बहुतेक वेळा तिथेच. वेल्डिंगच्या लाटा सारख्या, एकमेकींवर बसलेल्या, मध्ये खड्डा नाही, काळा डाग नाही असं हवं. आपल्याकडे खिडकीच्या ग्रिलचं वेल्डिंग सगळ्यांनी पाहिलंय, तसले गोळे दिसले तर स्कूटर परत ठेवा.

हँडलला बार म्हणतात. टी आकाराचा असतो आणि वाय आकाराचा, स्ट्रीटवाले जास्त करून टी घेतात, साधा, कमी जोड, कमी कटकट. धातू तीन. क्रोमोली स्टील म्हणजे ४१३० नावाचं मिश्रधातूचं पोलाद, जड पण चिवट, फार मार पडला तर आधी वाकतं, तुम्हाला इशारा देतं. ॲल्युमिनियम हलकं, पण त्याला रोजचा मार साठत जातो आणि मग न वाकता चिरतं. टायटेनियम हलकं आणि मजबूत दोन्ही, आणि किंमतही तशीच. पहिल्या स्ट्रीट स्कूटरला क्रोमोली घ्या, बाकी ऐकू नका. एक गंमत, खिशात फ्रिजवरचा चुंबक घेऊन जा. स्टीलला चिकटतो, ॲल्युमिनियमला आणि टायटेनियमला नाही. मला एकाने टायटेनियम म्हणून बार दाखवला होता, चुंबक टपकन जाऊन बसला, तो विक्रेता चुंबकाकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. चिकटला म्हणजे क्रोमोलीच असं मात्र नाही हां, साध्या स्टीललाही चिकटतो, पण निदान एक खोटं तरी पकडता येतं.

उंची किती? बूट घालून डेकवर सरळ उभं राहायचं, बार बेंबी आणि कंबरेच्या हाडाच्या मध्ये कुठेतरी आला पाहिजे. स्ट्रीटवाल्यांना थोडा उंच आवडतो, बेंबीपर्यंत. त्याहून उंच असला की स्कूटर वर खेचता येत नाही आणि खूप बुटका असला की कंबर धरते. रुंदी पुशअप काढताना हात जेवढे लांब ठेवता तेवढी. बार उंच निघाला तर खालून कापून घेता येतो, कुठलाही फॅब्रिकेशनवाला दोन मिनिटांत कापून देईल, फक्त सरळ काप म्हणा आणि आतली कड कानशीने घासून घ्या. म्हणून शंका असेल तर उंच घ्या, कापलेला परत वाढत नाही. आईबाबांनो, ‘वाढत्या अंगाचा’ हा हिशोब इथे बारला चालतो, डेकला नाही, नऊ वर्षांच्या पोराला मोठ्यांचा जड डेक दिला तर तो ती स्कूटर गॅलरीत ठेवून देईल.

आता कॉम्प्रेशन. शब्द ऐकून घाबरू नका. फोर्कची नळी वर येते, हेडसेटच्या बेअरिंगमधून, आणि तिला वरून दाबून धरावं लागतं नाहीतर हँडल पुढेमागे हलतं आणि खट खट आवाज येतो. हे दाबून धरायची पद्धत म्हणजे कॉम्प्रेशन. रायडर लोकांत ज्या स्कूटरचा अजिबात आवाज येत नाही तिला ‘डायल्ड’ म्हणतात, आणि डायल्ड स्कूटर असणं हा इज्जतीचा प्रश्न असतो. तीन पद्धती कानावर पडतील. एससीएस, यात चार बोल्टचा जाड क्लॅम्प असतो, खालचे दोन बोल्ट फोर्कला धरतात आणि वरचे दोन बारला, जड असतो पण सगळ्यात भक्कम आणि बार फिरला की परत सरळ करायला सोपा. एचआयसी, यात फोर्कवर एक पातळ नळी बसते आणि रुंद बार तिच्यावर सरकतो, हलकी पद्धत, पण बारला खाली मुद्दाम कापलेली उभी चीर लागते. आणि आयएचसी, यात फोर्कची नळीच बारीक असते, सुट्टे भाग कमी, तयार मिळणाऱ्या बऱ्याच स्कूटरला हेच असतं.

माझं मत विचाराल तर स्ट्रीटला एससीएस. वजन वाढतं, वाढू दे. कठड्याला हँडल आपटून आपटून बार वाकडा होतोच, तेव्हा फुटपाथवर बसून एका ॲलन कीने, म्हणजे त्या षटकोनी वाकड्या किल्लीने, सरळ करता येणं याला किंमत आहे. पण बजेटमध्ये चांगली आयएचसी मिळत असेल तर तीच घ्या, सुरुवातीची दोन वर्षं काही अडणार नाही. एक लक्षात ठेवा, या पद्धतींचे भाग एकमेकांना सहजी लागत नाहीत. एचआयसीचा चीरवाला बार एससीएसला लावायचा तर चिरेचा भाग कापून टाकावा लागतो, आणि बारचा बाहेरचा व्यास ३१.८ मिलिमीटर आहे की ३४.९ त्यावरून क्लॅम्प किंवा क्लॅम्पच्या आतली शिम, म्हणजे फट भरणारी पातळ नळी, बदलते. नंतर पार्ट बदलत जायचा विचार असेल तर ही दोन मापं मोबाइलमध्ये लिहून ठेवा, नाहीतर माझ्यासारखा सुंदर जांभळा क्लॅम्प कपाटात शोभेला राहतो.

फोर्क एकसंध हवा, वर आटे असलेला जुना प्रकार नको, झालं. हेडसेट इंटिग्रेटेड, म्हणजे बेअरिंग हेडट्यूबच्या आत बसलेलं. ग्रिप बऱ्यापैकी लांब आणि मऊ, पण टोकाला बार एंड, म्हणजे नळीचं तोंड बंद करणारी बुचं, ती घट्ट आहेत ना ते हात लावून बघा. उघड्या नळीवर पोट पडलं तर काय होतं ते मी लिहीत नाही. बुच हरवलं तर त्या दिवशी चालवायची नाही.

ब्रेक ठेवायचा का काढायचा यावर पोरांमध्ये मारामाऱ्या होतात. अनुभवी रायडर काढतात, वजन आणि आवाज कमी म्हणून, आणि बुटाने चाक दाबून थांबतात. तुम्ही ठेवा. आपल्या शहरात गल्लीच्या तोंडातून रिक्षा कधी येईल सांगता येत नाही. फक्त स्प्रिंगवाला ब्रेक खडखड करतो, पट्टीसारखा लवचिक असतो तो फ्लेक्स ब्रेक शांत आणि टिकाऊ.

पेग म्हणजे चाकाच्या बाजूला ॲक्सलवर बसणारे छोटे दंडगोल, कठड्यावर ते टेकवून घासत जायचं. पहिल्या दिवशी लागत नाहीत. पण घेतानाच बघा की डेकला आणि फोर्कला पेग लावायची सोय आहे का, लांब ॲक्सल घालता येतो का. कारण चार महिन्यांनी तुम्हाला पेग हवेच असणार, आणि कठडे आपल्याकडे नाना प्रकारचे. ग्रॅनाइटची कड मेणबत्ती घासली की लोण्यासारखी, कडप्पा कपचे उडवतो, प्लॅस्टर केलेला विटांचा कठडा तर खातोच, पेग पण खातो आणि कठडा पण फुटतो. स्टेनलेसचा पाइप सगळ्यात गोड. आणि जरा भान ठेवा रे, देवळाच्या पायऱ्या, घाट, स्मारकं, दवाखान्याचा रॅम्प इथे नाही. मेण लावलेल्या पायरीवरून दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाची तरी आजी उतरत असते, त्यामुळे ज्याने मेण लावलं त्यानेच ते खरवडून जायचं.

वजनावर एक वाक्य बोलतो, म्हणजे दोन. हलकी म्हणजे चांगली हा समज रॅम्पवाल्यांकडून आलाय. स्ट्रीटची स्कूटर चार किलोच्या आसपास किंवा थोडी वर असली तरी काही बिघडत नाही, जड डेक पायाखाली शांत राहतो, आणि फार हलकी स्वस्त स्कूटर म्हणजे कुठेतरी धातूच कमी घातलाय. बारक्या पोरांचं वेगळं, त्यांना हलकीच द्या.

पैसे कमी असतील तर कुठे घालायचे? माझा क्रम असा, आधी डेक, मग चाकं, मग बार, क्लॅम्प, आणि रंग सगळ्यात शेवटी. सुट्टे पार्ट घेऊन जोडणं महागात पडतं, पहिल्या वेळी तयार मिळते ती ‘कम्प्लीट’ घ्या आणि जे मोडेल ते वरच्या दर्जाचं बदलत जा. आपल्याकडे हात लावून बघायला डेकॅथलॉनसारखी मोठी स्पोर्ट्सची दुकानं आहेत, बाकी एन्व्ही, मॅड गिअर, डिस्ट्रिक्ट ही ऑस्ट्रेलियाची, लकी आणि टिल्ट अमेरिकेची, एथिक फ्रान्सची, ही नावं ऑनलाइन भेटतील. बाहेरून मागवणार असाल तर किमतीवर कस्टम ड्युटी आणि कुरियर बसतं हे आधीच धरा, आणि बदलायची वेळ आली तर कुरियर परत तुमच्याच माथी. परदेशात कुणी भाऊबहीण असेल तर येताना बार आणू नका म्हणावं, मापात बसत नाही बॅगेत, चाकं आणि क्लॅम्प आणा. स्कूटरवर युरोपचा ईएन १४६१९ हा नंबर दिसतोय का बघा, तो किक स्कूटरच्या सुरक्षिततेचा मानक आहे, आणि सोबत किती किलोच्या माणसासाठी तेही छापलेलं असतं. पंचाऐंशी किलोच्या काकांनी पन्नास किलोवाली घेऊन उडी मारू नये.

हेल्मेटचे पैसे याच बजेटमधून काढा, वेगळे नाही. सायकलचं हेल्मेट एका मोठ्या फटक्यासाठी असतं, आपण रोज पडणार, म्हणून स्केटचं गोल, कानामागेपर्यंत खाली येणारं घ्या, त्यावर हेल्मेटच्या सुरक्षिततेचा ईएन १०७८ हा नंबर आहे ना ते बघा, स्केटबोर्डच्या हेल्मेटचा एएसटीएम एफ१४९२ पण असेल तर उत्तम. मोटरसायकलचं घालून उन्हात ढकलत बसलात तर चक्कर येईल. बूट सपाट तळाचे, जाड फोमचे रनिंग शूज घातले की पायाला डेक कळत नाही.

आता दुकानातली परीक्षा, जिच्यासाठी वरचं नाव दिलंय. स्कूटर हँडलला धरून घोट्याइतकी वर उचला आणि दोन्ही चाकांवर सपाट सोडा, हँडल हातातच ठेवून. कान द्या. धप्प असा एकच जाड आवाज आला तर उत्तम. धप्प-खळ्ळ आला तर काहीतरी सैल आहे. मग शोधा. पुढच्या चाकाला पायाने अडवा आणि हँडल पुढेमागे ढकला, दुसऱ्या हाताचं बोट हेडसेटच्या फटीवर ठेवा, बोटाला हालचाल कळली तर कॉम्प्रेशन सैल. सेल्समनला घट्ट करायला सांगा आणि परत सोडा. घट्ट केल्यावर आवाज गेला तर स्कूटर चांगली आहे, सैल जोडलेली होती इतकंच. घट्ट करूनही आवाज राहिला, किंवा आवाज गेला पण हँडल फिरायला जड झालं, तर मापातच गडबड आहे, तिथून निघा. चाकं फिरवून डोळ्याच्या रेषेत बघा, डुलतात का. ब्रेक बोटाने हलवून बघा. एवढं करताना दुकानातले लोक बघतात आपल्याकडे, बघू दे.

सेकंडहँड घेत असाल तर दिवसाउजेडी भेटा, पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली चिरा दिसत नाहीत. हेडट्यूबचं वेल्डिंग ओल्या फडक्याने पुसून बघा, चीर असेल तर पुसल्यावरही काळी रेघ राहते. एचआयसी बार असेल तर त्याच्या उभ्या चिरेच्या वरच्या टोकाला बारीक फाट गेलीय का ते बघा. मागचं चाक डेकच्या मधोमध आहे का. ताजा स्टिकर कुठे लावलाय? स्टिकरच्या खाली बोट फिरवा. मी एकदा फिरवलं नाही, खालचा डेक नंतर दोन तुकड्यांत घरी आणला.

घरी आणल्यावर ॲलन की घ्या, ५ आणि ६ मिलिमीटरच्या बहुतेक ठिकाणी लागतात, आणि निळं लोकटाइट, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा डिंक, लाल नको, लाल लावलं तर बोल्ट काढायला बर्नर आणावा लागेल. एससीएस असेल तर बार आधी बाहेर काढा. आतला कॉम्प्रेशनचा बोल्ट हळूहळू आवळा, आवाज जाईल आणि हँडल मोकळं फिरेल तिथे थांबा, मग क्लॅम्पचे खालचे दोन बोल्ट, मग बार पूर्ण खाली बसवून पुढच्या चाकाशी सरळ धरा आणि वरचे दोन, एकदम एक बोल्ट पूर्ण न आवळता थोडा हा थोडा तो असं. नवीन स्कूटरचे सगळे भाग पहिल्या आठवड्यात बसतात आणि बोल्ट सैल होतात, ते होणारच. म्हणून शेवटी परमनंट मार्करने प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून क्लॅम्पवर जाणारी एक पांढरी रेघ मारून ठेवा. निघायच्या आधी नुसतं बघायचं, रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट फिरलाय, तो आवळायचा आणि मगच जिना उतरायचा.